केशवदादाचा लकी पॅड

मित्रांनो, परीक्षेला निघताना तुम्ही जो तपकिरी पॅड काखेत मारता, तसलाच मी एक. माझे दोन कोपरे झिजले आहेत, चिमट्याला गंज चढला आहे आणि पाठीचे पोपडे निघाले आहेत. स्वभावाने मी काळजीखोर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या छातीत धडधडू लागलं की तुम्ही हसणार नाही. पॅडला छाती कुठली, असंही विचारू नका. इतक्या परीक्षांची तयारी ज्याच्या अंगावर झाली, त्याला ती येतेच.

माझा जन्म लाकडाच्या भुशातून झाला. भुसा भिजवून, दाबून, तापवून त्याची मोठी फळी केली आणि तिच्यातून आम्हा भावंडांना कापून काढलं. मग प्रत्येकाच्या डोक्यावर एक पत्र्याचा चिमटा ठोकला. तिथून मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात आलो. वर्षभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबून राहिलो. आपल्याला कुणी घेतच नाही की काय, या विचाराने तेव्हाही माझी झोप उडाली होती.

शेवटी मला केशव डाखोरेने घेतलं. तो बारावीत होता. बारावी झाली आणि पोरगा पोलीस भरतीच्या मागे लागला. सकाळी मैदान, दिवसभर अभ्यासिका. पोलीस भरतीच्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणी असते आणि तिच्यात अक्षरमालिका असतात. B, E, I, N अशी अक्षरं दिलेली असतात आणि पुढचं ओळखायचं असतं. B पासून तीन घरं पुढे E, मग चार घरं पुढे I, मग पाच घरं पुढे N. आता सहा घरं पुढे जायचं, म्हणजे T. वाचायला सोपं वाटतं. पण घड्याळ चालू असतं, शंभर प्रश्न असतात आणि भल्याभल्यांना L च्या आधी काय येतं तेच आठवत नाही.

केशवने यावर तोड काढली. मला पालथा घालून त्याने कंपासच्या टोकाने माझ्या पाठीवर A पासून Z पर्यंतची अक्षरं कोरली. प्रत्येकाखाली आकडा कोरला, एक ते सव्वीस. E, J, O, T आणि Y यांच्याभोवती चौकोन केले, कारण ही पाचवं, दहावं, पंधरावं, विसावं आणि पंचविसावं अक्षर. अभ्यासिकेतली पोरं त्याला इजोटी म्हणायची आणि देवाचं नाव घ्यावं तसं घोकायची. मग केशवने त्या खाचांत काळी शाई भरली. मला दुखलं, पण आपल्या अंगावर विद्या कोरली गेली म्हणून मी फुगलोही होतो.

पेपरच्या दिवशी काय झालं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. केशवने मला नेलंच नाही. प्रवेशपत्रावर स्पष्ट छापलं होतं, पॅड कोरा असावा. तो शेजारच्यांचा कोरा पॅड मागून घेऊन गेला आणि मी घरी दळणाच्या डब्यावर झाकण होऊन पडलो. महिन्याभराने यादी लागली. केशवचं नाव आलं. त्याच्या आईने आनंदाच्या भरात मला डब्यावरून उचललं, देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. माझ्या लेकाचा लकी पॅड, म्हणाली. केशव तेव्हा दारात मित्रांना पेढे वाटत होता. त्याने पाहिलं, हसला आणि गप्प राहिला. आईच्या आनंदात कशाला मोडता घालायचा, असं त्याला वाटलं असेल. मला मात्र ते कुंकू टोचत राहिलं. न केलेल्या कामाची शाबासकी पचायला फार जड असते, मित्रांनो.

केशव नोकरीवर गेला आणि माझे दिवस पालटले. मी माठावर झाकण झालो. चूल फुंकायला पंखा झालो. एकदा तर गल्लीतल्या पोरांनी माझी बॅट केली, तेव्हा एक कोपरा गेला. पण नाव राहिलं होतं. कुणी घरी आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं जाई, हाच तो.

आणि मग मला न्यायला वैजू आली.

वैजयंता मुटकुळे ही केशवची मावसबहीण. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. आई, पारूबाई, घराच्या ओसरीवर पिठाची चक्की चालवत होती. वैजू गेल्या भरतीत एका गुणाने राहिली होती. तो एक गुण कुठे गेला, हेही तिला पाठ होतं. मघाशी मी सांगितली तीच अक्षरमालिका तिला आली होती आणि तिने T च्या जागी S वर गोल भरला होता. आता पुन्हा भरती निघाली होती. तिने मैदान मारलं होतं, धावण्यात आणि गोळाफेकीत चांगले गुण होते. राहिला होता लेखी पेपर. हा शेवटचा, कारण पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं.

केशव सुट्टीवर आला तेव्हा त्याने तिला आपल्या घरच्या ओसरीवर बसवून मालिका सोडवायला लावल्या. ती बोटांच्या पेरांवर मोजायची. तो बराच वेळ नुसता तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तिचा हात धरला.

"वैजू, आठशे मीटरला उभी राहतीस, तवा उभ्या जागेचं पाऊल मोजतीस का?"

"नाही."

"मग N वर उभी हाईस, तर N ला कशाला मोजायलीस? आधी पाय उचल, मग मोज."

वैजूने N सोडून पुन्हा मोजलं. वर्षभर तिच्या हातून निसटलेला गुण तिला त्या दिवशी सापडला. सुरुवातीचं अक्षरही ती मोजून टाकत होती आणि म्हणून प्रत्येक वेळी एक घर अलीकडेच थांबत होती. पेरांवर मोजणाऱ्या निम्म्या पोरांचं हेच होतं. ती घरी निघताना केशवने मला तिच्या हातात दिलं आणि घरी सरावाला वापर म्हणाला. घरी, हा शब्द मी ऐकला. तिने ऐकला की नाही, ते मला कळलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी वैजूच्या मांडीवर काढले. चक्कीची घरघर, अंगावर पिठाची धूळ आणि मालिकांमागून मालिका. तिची उत्तरं बरोबर येऊ लागली. पारूबाई दळण मोजता मोजता लेकीकडे बघायची आणि तिचा चेहरा उजळायचा. मी मात्र मनातून घाबरत चाललो होतो. कारण वैजू आधी मला उलटं करायची आणि मग प्रश्न वाचायची. अक्षरं तिच्या डोक्यात जात नव्हती. ती माझ्या पाठीवरच राहत होती. अभ्यासिकेत महिन्याची चाचणी झाली, तिथे मला न्यायची परवानगी नव्हती, तर पाचातल्या तीन मालिका चुकल्या. ते तिने आईला सांगितलं नाही. घरी आली, मला मांडीवर घेतलं आणि त्याच पाच मालिका चटाचटा सोडवून टाकल्या. मग स्वतःशीच मान हलवली, येतंय की, अशी. पोरी, तुला नाही येत, मला येतंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी पडलो पॅड.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी वैजू नवा पॅड आणायला निघाली. पारूबाईने तिला दारातच अडवलं. घरात केशवचा लकी पॅड असताना नव्याचं काय काम, असं तिचं म्हणणं. वैजूने प्रवेशपत्र काढून दाखवलं.

"माय, ह्याच्यावर लिहिलेलं हाय. चालत नाही."

"मग झाकून टाकू की. केशवला ह्यानंच तारलं. तुला कोरा पॅड तारणार हाय का?"

यावर वैजूने उत्तर द्यायला हवं होतं. तिने प्रवेशपत्र घडी करून आत ठेवलं. शेवटची संधी जवळ आली की शहाण्या माणसालाही कशाचा तरी हात धरावासा वाटतो. पारूबाईने मैद्याची खळ शिजवली आणि माझ्या पाठीवर खाकी कागद चिकटवला. वर तळहाताने नीट दाबला. कॉपी सापडली तर पोरीचा पेपर रद्द होईल, पुन्हा भरतीला उभं राहता येणार नाही, हे त्या माऊलीच्या मनातही नव्हतं. ती लेकीसोबत देव पाठवत होती. मी त्या कागदाखाली गुदमरून गेलो. केशवच्या पेपरला आपण घरी होतो, आपण कुणालाच तारलं नाही, हे ठाऊक असलेला घरात मी एकटाच होतो.

सकाळी जिल्ह्याच्या पोलीस मैदानावर हजारो मुलं-मुली. दारावर झडती चालली होती. एका महिला पोलिसाने मला उलटंसुलटं केलं, कागदावर बोट दाबलं आणि हे काय, असं विचारलं. जुना आहे, पोपडे निघतात, वैजू म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण कागद पोपड्यांसाठी लावला नव्हता, हे तिला आणि मला ठाऊक होतं. मागून रेटा आला आणि आम्ही आत ढकललो गेलो.

पेपर मैदानावरच, जमिनीवर बसून. धूळ उडू नये म्हणून पहाटे टँकरने पाणी मारलं होतं. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या चौकोनात एकेकाला बसवलं आणि पेपर सुरू व्हायला तासभर वेळ होता. ओल्या मातीत कपडे खराब होऊ नयेत म्हणून आजूबाजूच्या पोरींनी पॅड खाली घेतले आणि त्यावर बसल्या. वैजूही बसली. नेहमीचीच सवय ती, कुणाला काही वाटलं नाही. माझी पाठ मात्र ओल्या मातीला टेकली. खाली ओल, वर वजन आणि मधे मैद्याची खळ. तासाभरात ती पार सुटली.

प्रश्नपत्रिका वाटल्या. वैजूने मला उचललं आणि खाकी कागदाचा एक कोपरा खाली लोंबला. तिने तो झटकन बोटाने दाबून धरला. डाव्या हाताने कागद धरायचा आणि उजव्याने गोल भरायचे, असा तिचा पेपर सुरू झाला. गणित झालं. व्याकरण झालं. महिला हवालदार रांगेतून फिरत होत्या. त्यांचे बूट जवळ आले की वैजू कागदावरचं बोट आणखी घट्ट दाबायची.

मग ती मालिका आली. Y, W, T, P आणि पुढे प्रश्नचिन्ह. मालिका उलटी होती, Z कडून A कडे येणारी. दोन घरं मागे, तीन घरं मागे, चार घरं मागे, आता पाच. वैजूला एवढं दिसलं. पण P च्या मागे काय? तिचे ओठ हलले. तिने A पासून म्हणायला सुरुवात केली, मधेच अडकली, पुन्हा A वर आली. पर्यायांत K होता आणि L ही होता. पाच घरं मागे खरं तर K. पण P लाच एक धरलं, तर L. गेल्या वेळचाच तो एक गुण पुन्हा तिच्यापुढे येऊन बसला होता.

तिचं डावं बोट कागदाखाली सरकलं. नख माझ्या पाठीवर टेकलं, बरोबर P च्या खाचेत. आता फक्त मला थोडं तिरपं करायचं होतं. हवालदार बाई चार रांगा पलीकडे होत्या. मित्रांनो, आयुष्यात मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, वीज पडावी आणि मी जळून जावं. या पोरीने मला बघू नये.

तिने नख काढलं. तो हात वर केला.

हवालदार बाई आल्या. वैजू उठून उभी राहिली आणि तिने मला दोन्ही हातांनी पुढे केलं. 

"मॅडम, ह्याच्या पाठीवर अक्षरं कोरलेली हाईत. आतापर्यंत बघितली नाहीत. पण माझ्याजवळ राहिला तर बघीन."

"मग आणलास कशाला?"

"लकी हाय म्हणून."

बाईंनी खाकी कागद ओढून काढला आणि माझी पाठ उन्हात उघडी पडली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब पिकल्या मिशांचे होते. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं, चौकोनांपाशी थांबले आणि हळूच पुटपुटले, इजोटी. मग वैजूची उत्तरपत्रिका घेऊन मालिकेचा प्रश्न पाहिला. तो कोरा होता.  तिकडे घड्याळ पळत होतं आणि वैजू उभीच होती. शेवटी त्यांनी तिचा नंबर डायरीत लिहून घेतला, पेपर संपल्यावर भेटायला सांगितलं आणि बसायची खूण केली. पॅड मात्र मिळणार नव्हता.

मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. तिथून वैजू लांब दिसत होती. ती उत्तरपत्रिका मांडीवर धरून लिहीत होती. पेनाने कागदाला भोक पडेल का, आठ मिनिटं गेली ती भरून निघतील का, साहेब शेवटी काय करतील, अशा शंभर काळज्या मला एकदम लागल्या. मग तिचं डोकं स्थिर झालं. तिने डोळे मिटले आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा मातीत एकदा दबला. मग दुसऱ्यांदा. मी मोजत होतो. पाच वेळा दबला आणि थांबला. पण पहिल्या दाबाला ती मनात P म्हणाली की O, ते मला इतक्या लांबून कसं कळणार?

पेपर संपला. साहेबांनी तिला उभं करून चांगलंच झापलं. झडतीतच सापडली असतीस तर घरी गेली असतीस, म्हणाले. तू स्वतः सांगितलंस आणि प्रश्न कोरा होता, म्हणून पेपर राहू देतो. मग मला तिच्या हातात दिलं आणि हा पुन्हा मैदानावर दिसता कामा नये, अशी ताकीद दिली. वैजूने मान हलवली. मैदानाबाहेर आल्यावर ती एका दगडावर बसली आणि मनसोक्त रडली.

रडून झाल्यावर तिने मला उलटं केलं. बोट P वर ठेवलं. पाय उचल, मग मोज, असं स्वतःशीच म्हणत बोट एकेक घर मागे नेलं. O, N, M, L, K. बोट K वर थांबलं, पेपरात तिने भरला होता तोच गोल, आणि ती ओल्या डोळ्यांनीच हसली. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

संध्याकाळी तिने केशवला फोन लावला. चक्की बंद होती, पारूबाई शेजारीच बसली होती, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. वैजूने सगळं सांगितलं. 

"वैजू, तो पॅड मी नेलाच नव्हता," केशव म्हणाला. "माझ्या पेपरच्या दिवशी तो घरी दळणाच्या डब्यावर होता. माय कुंकू लावायली होती, मी बोललो नाही. माझं चुकलं."

पारूबाईने कपाळावर हात मारला. मग ती उठली, माझ्याकडे आली आणि पदराने माझ्या पाठीवरची चिकट खळ पुसू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लेकीचं वाटोळं मीच करत होते, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. वैजूने आईचा हात धरून तिला खाली बसवलं. माझ्या अंगावरचं खोटं कुंकू त्या दिवशी उतरलं, असं मला वाटलं.

यादी लागायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे कसे गेले ते विचारू नका. यादी मोबाइलवर आली तेव्हा वैजूने नाव वरून शोधलं नाही, खालून शोधत गेली. नाव सापडलं आणि ती थबकली. मग तिने खालची नावं मोजली आणि आईला सांगितलं, माझ्याखाली तिघीच आहेत. पारूबाईला आधी वाटलं पोरगी नापास झाली. कळलं तेव्हा तिने चालू चक्कीत तसंच दळण सोडून लेकीला मिठी मारली आणि कुणाची तरी ज्वारी जास्तच बारीक दळली गेली.

वैजू प्रशिक्षणाला गेली त्या सकाळी तिने मला ओसरीवरच्या खिळ्याला अडकवलं, अक्षरं भिंतीकडे करून. आता गल्लीतल्या भरतीच्या पोरी सरावाला येतात. पारूबाई त्यांना मला देते, पण तिचा एक नियम आहे. आधी मालिका मनात सोडवायची, पायाच्या अंगठ्याने मोजायची आणि मगच मला उलटं करून ताळा पाहायचा. शेवटच्या आठवड्यात तर मला कुणी हातही लावायचा नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर बसू नका, माझी बॅट करू नका. माझ्या अंगावर लिहिलेलं नीट शिका. पण पेपरच्या दिवशी कोरा पॅड घ्या, मला खिळ्यावरच राहू द्या आणि दार ओढून निघा. मागे मी तुमची काळजी करत बसेन. ते काम मला चांगलं जमतं.